अंगणातलं सफरचंद, तिसरं वर्ष: संक्रांतीचं फूल ते मे महिन्याचं फळ

मागच्या वर्षीची नोंद दोन ओळींत आटपली होती: फुलं सात, फळं शून्य. यंदाची लांबणार आहे. सांगण्यासारखं बरंच घडलंय आणि त्यातलं निम्मं माझ्याच चुकांमुळे.

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. नाशिकला बैठं घर, पुढे अंगण, माती काळी आणि पावसाळ्यात चिकट. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत हिमाचलहून तीन कलमं मागवली, मुळ्या ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या, पान एकही नाही. अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन या दोन जाती जमिनीत, दोन्ही एमएम-१११ खुंटावर (खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते रोप). एचआरएमएन-९९ पत्र्याच्या अर्ध्या पिंपात. खड्ड्यात मुरूम आणि शेणखत घातलं आणि कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर ठेवला. जोड मातीत गेला तर वरच्या कलमालाच मुळ्या फुटतात आणि खुंट निवडल्याचा उपयोग राहत नाही.

एचआरएमएन-९९ ही हिमाचलच्या हरिमन शर्मांनी काढलेली जात. तिथल्या बिलासपूर जिल्ह्यातलं पनियाला हे त्यांचं गाव सुमारे १८०० फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या नाशिकच्याच उंचीवर. सफरचंद म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ येतो, त्या माणसानं ते आंब्याच्या गावात पिकवलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी पिंपातल्या झाडाला जाऊन सांगून आले. घरचे हसले.

नोव्हेंबर-डिसेंबर: ताण

मागच्या वर्षी सातच फुलं का आली, ते आधी. हिमाचलच्या डेलिशियससारख्या जातींना ७ अंशांच्या खालची थंडी हजार-बाराशे तास लागते. अ‍ॅनाचं दोनशे-तीनशे तासांत भागतं. ओसरीवरच्या थर्मामीटरवर यंदाच्या अख्ख्या हिवाळ्यात पारा ७ च्या खाली गेला तो अकरा रात्री, तोही पहाटे दोन-तीन तास. दुपारी पुन्हा २८. फार तर तीसेक तास थंडी जमली म्हणायची, आणि दुपारच्या उन्हानं त्यातलीही थोडी वाया जाते. परिणाम असा की आपल्याकडे झाड झोपतच नाही. जुनी पानं राठ होऊन लटकून राहतात, शेंडा वाढत राहतो आणि खालचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, मुके बसतात.

हे रडगाणं मी फोनवर अण्णांना सांगत होते. माझे वडील सटाण्याचे, आयुष्य डाळिंबात गेलं. तेल्या रोगानं बाग गेली तरी बोलणं अजून बहाराचंच (बहार धरणं म्हणजे झाडाला ताण देऊन ठरावीक हंगामात फुलवणं). ते म्हणाले, "अगं, झाड पान सोडत नाही म्हणतेस, तर तू सोडव. पाणी तोड, ताण दे, पानगळ कर. हस्त बहार धरतो तसं." मी म्हटलं, अण्णा, हे सफरचंद आहे. "झाडच आहे ना?"

नंतर कळलं की इंडोनेशियात जावा बेटावर मलंगजवळच्या बाटू परिसरात लोक हेच करतात. तिथे थंडी नाहीच. फळं काढली की हातानं सगळी पानं ओरबाडायची. झाड गाढ झोपायच्या आतच त्याचे डोळे फुटतात आणि वर्षात दोन पिकं निघतात. अण्णांना सांगितलं, त्यांना नवल वाटलं नाही.

पाणी तोडलं १५ नोव्हेंबरला. काळ्या मातीत ताण बसायला वेळ लागतो, तीन आठवडे थांबले. पानं मलूल झाली, कडेनं पिवळी पडायला लागली. ७ डिसेंबरला रविवार गाठून सगळी पानं हातानं काढली. डाळिंबवाले पानं गाळायला इथेफॉन मारतात, पण मला तीनच झाडांसाठी औषध आणायचं नव्हतं. एक युक्ती लिहून ठेवते: पान खाली ओढायचं नाही, देठ धरून फांदीच्या टोकाकडे वर ढकलायचं. खाली ओढलं की देठाबरोबर डोळ्याची सालही येते. पहिल्या फांदीवर मी असे सहा डोळे घालवले.

हलकी छाटणी त्याच दिवशी उरकली. आडव्या फांद्यांना हात लावला नाही. सफरचंद लागतं ते जुन्या फांदीवरच्या आखूड, सुरकुतलेल्या खुंट्यांवर. उभी फांदी नुसतीच उंच जाते, ती आडवी बांधली की डोळे फुलांकडे वळतात. मागच्या पावसाळ्यात मी फांद्यांना सुतळीनं विटांचे तुकडे लटकवले होते. त्याच फांद्यांवर यंदा फुलं आली. कापलेल्या काड्या बंबात घातल्या. ही चूक होती, का ते शेवटी.

दुसऱ्या दिवशी शेणखत आणि भरपूर पाणी.

जानेवारी: फूल

२ तारखेला डोळे फुगले. ६ ला कापसले. हा द्राक्षवाल्यांचा शब्द, पण सफरचंदालाही चपखल बसतो: टोकाला करडी लव दिसते, बोट फिरवलं तर मऊ लागतं. आणि १४ जानेवारीला सकाळी तीळगूळ वळता वळता खिडकीतून बघते तर अ‍ॅनावर एक पांढरं.

फुलाबद्दल लिहायला मला कितीही जागा पुरणार नाही. कळी गडद गुलाबी, लिपस्टिकच्या रंगाची. उमलली की आतून पांढरी, गुलाबी राहतो तो फक्त पाकळ्यांच्या पाठीवर. एका गुच्छात पाच-सहा कळ्या असतात आणि आधी उमलतं ते मधलं फूल. बाकीची भोवती दोन दिवस वाट बघतात. मधल्या फुलाचं फळ सहसा सगळ्यात मोठं होतं. भिंग घेऊन पाहिलं तर मध्ये पाच हिरवट तंतू, बुडाशी जोडलेले. त्यांच्याभोवती पिवळे परागकोश, जे दुसऱ्या दिवसापर्यंत तपकिरी होतात. फळ आडवं कापल्यावर जी चांदणी दिसते ती याच पाचांची: पाच कप्पे, प्रत्येकात साधारण दोन बिया. वास अगदी मंद. सासूबाई म्हणाल्या, "मोगऱ्यापुढे काहीच नाही गं." खरं आहे.

अ‍ॅनावर ५८ गुच्छ मोजले. डॉर्सेटवर एकही नाही.

आता तो किस्सा. अ‍ॅनाला दुसऱ्या जातीचा पराग लागतो आणि त्यासाठीच डॉर्सेट लावतात, दोघांचा फुलोरा साधारण एकाच वेळी येतो. माझं "डॉर्सेट" दोन वर्षं जोमात वाढत होतं, अ‍ॅनापेक्षा हातभर उंच, आणि मी त्याचं कौतुक करत होते. यंदा पानं उतरल्यावर खोड नागडं झालं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. जोडाच्या वर बोटभर वाळलेलं कलम आणि जोडाच्या खालून, खुंटातून निघालेली जाड फांदी. कलम कधीच मेलं होतं. मी दोन वर्षं खुंटाला खतपाणी घालत होते. रोपवाटिकेला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "मॅडम, आमच्याकडून गेलं तेव्हा जिवंत होतं." असेलही. नवीन लावणाऱ्यांनी पहिल्या वर्षी दर महिन्याला जोडाखाली बघावं आणि तिथून फुटलेलं काहीही लगेच खुडावं.

पराग आता फक्त पिंपातल्या एचआरएमएनकडून मिळणार, आणि ते आठ दिवस उशिरा फुललं, २२ ला. तोवर अ‍ॅनाची मधली फुलं बरीचशी गळली होती. दोघांची गाठ पडली ती चारच दिवस. त्या चार दिवसांत दहा ते बाराच्या दरम्यान नातवाच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन मी पिंपाकडून अ‍ॅनाकडे फेऱ्या मारल्या. कुंपणाच्या मेंदीत फुलोरी मधमाश्यांचं छोटं पोळं आहे, त्यांनीही मदत केली. पण त्यांचा जीव शेजारच्या शेवग्यावर जास्त.

फेब्रुवारी: सेटिंग आणि विरळणी

पाकळ्या गळल्यावर देठावरचा फुगवटा वर तोंड करून ताठ राहिला तर फळ धरलं. देठ पिवळा पडून मान टाकली की गेलं. १० फेब्रुवारीला अ‍ॅनावर ७१ फळं. महिनाअखेर त्यातली २२ आपोआप गळली. गळलेली कापून पाहिली तर बहुतेकांत बी एक किंवा शून्य. बिया भरल्या नाहीत की झाड फळ सोडून देतं. ज्यात एकाच बाजूला बिया भरल्या ती फळं टिकली, पण वाकडी झाली. ब्रश कुठे नीट फिरला नाही, ते मे महिन्यात फळांच्या आकारावरून मोजता आलं.

राहिली ४९. तीन वर्षांच्या झाडाला तीही जास्तच. एका गुच्छात एक फळ, दोन फळांत वीतभर अंतर, असा हिशोब धरून २१ खुडली. बोराएवढी, लव असलेली, गोंडस. सासूबाई ओसरीवर बसून बघत होत्या. "वर्षभर वाट पाहायची आणि हातानं तोडायची, कसली गं ही बागायत?" मी काय सांगणार? गच्च लागू दिलं तर फळं लिंबाएवढी राहतात, आणि पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच उन्हाळ्यात तयार होत असतात, तेही मार खातात. खुडताना देठ फांदीवर ठेवून फळ तेवढं कात्रीनं कापायचं, ओढलं तर खुंटीच निघते.

उरली २८.

मार्च-एप्रिल

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात अवकाळी. गारा दहाच मिनिटं पडल्या. सहा फळं गेली. निफाडला मावसभावाची द्राक्षबाग आहे, त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, तेव्हा माझ्या सहा फळांचं तोंडातून काढायचीही लाज वाटली.

एप्रिलमध्ये पारा चाळिशीला. पश्चिमेकडच्या दोन फळांवर तांबूस चट्टे पडून साल कातड्यासारखी झाली. ती काढून टाकली आणि त्या बाजूला सासूबाईंचं जुनं सुती लुगडं बांधलं. शेडनेटपेक्षा बरं वाटलं, हवा खेळते. बुंध्याशी उसाच्या पाचटाचं आच्छादन, पाणी एक दिवसाआड. फळमाशीसाठी एक सापळा टांगला. तो आंब्याच्याच माश्यांनी भरला, पण भरला.

बुलबुल. तीन फळांना एकेक भोक पाडून सोडलं. एक फळ संपवत नाहीत, हा राग. मग उरलेल्या १७ फळांना ब्राउन पेपरच्या पिशव्या घातल्या.

मे: काढणी

बाजारातल्यासारखा लाल रंग येईल अशी अपेक्षा ठेवू नका. लाली चढायला रात्री थंड लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्री पंख्याखाली झोप लागत नाही. त्यात माझ्या पिशव्या. फळं हिरवट-पिवळी, एका गालावर पुसट लाली. मग रंगावरून पिकलं कसं ओळखायचं?

मी आयोडीन वापरलं. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणलं, पाण्यात पातळ केलं, १२ मेला एक फळ आडवं कापून त्यात बुडवलं. मिनिटभरात सगळा काप काळा-निळा. आयोडीननं स्टार्च असा काळा पडतो, म्हणजे तो अजून साखरेत उतरलेला नाही. २० ला दुसरं कापलं: मधली चांदणी आणि भोवतीचा भाग पांढरा, काळं फक्त सालीकडे. स्टार्च आतून बाहेर सरत जातो. बियाही तपकिरी झाल्या होत्या. मावसभाऊ द्राक्षरसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन आला, दोन थेंब पिळून शुगर बघितली: साडेअकरा. "आमच्याकडे एवढ्यावर व्यापारी गाडी लावत नाही," म्हणाला, आणि उरलेला अर्धा काप खाऊन टाकला.

२१ ते २६ मे, अ‍ॅनाची १५ फळं. तळहातात फळ धरून वर उचलायचं आणि किंचित पिरगाळायचं. तयार असेल तर देठासकट हातात येतं. पिंपातल्या झाडाला चार धरली होती, एक खारीनं नेलं, तीन मिळाली. एकूण १८. सगळ्यात मोठं १६२ ग्रॅम, सगळ्यात वाकडं ७०.

चव? साल पातळ, करकरीत, आंबट-गोड, आंबट थोडं पुढे. हेच फळ बाहेर आठवडाभर ठेवलं तर पीठ होतं, म्हणून लगेच फ्रिजमध्ये. दोन सटाण्याला पाठवली. अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं, "पुढचा ताण कधी?"

आत्ता, जून

पहिला पाऊस झालाय. पाचट बुंध्यापासून दूर सारलं आणि खोडाला दोन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावली: मोरचूद आणि चुना प्रत्येकी एक किलो, पाणी दहा लिटर. माझ्या तीन झाडांना याचा दहावा भाग पुरला. प्लास्टिकच्याच बादलीत करा. लोखंडी सुरी बुडवून पाहा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. नव्या उभ्या फांद्यांना विटांचे तुकडे लटकवणं चालू आहे.

राहिला तो मेलेल्या डॉर्सेटचा खुंट. मुळं उत्तम आहेत, उपटणार नाही. ओळखीत एकांकडे खरं डॉर्सेट आहे, फुलं मी डोळ्यांनी पाहिलीत. डिसेंबरच्या छाटणीत ते पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या देणार आहेत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि जानेवारीअखेर खुंटाचे डोळे हलले की कलम करायचं. बदल्यात त्यांना अ‍ॅनाच्या काड्या हव्यात, म्हणून यंदा बंबात काही घालायचं नाही. भाजीचा एक ट्रे रिकामा करून द्यायला सासूबाईंना आत्तापासून सांगून ठेवलंय. अट एकच, त्या फ्रिजमध्ये तेव्हा सफरचंद ठेवायचं नाही: पिकल्या फळातून निघणाऱ्या इथिलीननं काडीचे डोळे मरतात. "म्हणजे सफरचंदासाठी सफरचंद आणायचं नाही," म्हणाल्या, आणि ट्रेमधली कोथिंबीर निवडायला घेतली.