मोंबासातले नाशिककर

आम्ही नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवतो. त्यातलंच एक पॅनल चालू करून द्यायला मी केनियातल्या मोंबासाला, नैरोबी रस्त्यावरच्या एका कारखान्यात गेलो होतो. केबल जोडल्या, मेगरने (केबलचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) तपासणी झाली आणि नेमकी सगळ्या भागाचीच वीज गेली. संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणाले. कारखान्याचे इलेक्ट्रिकल सुपरवायझर साठीकडे झुकलेले होते. सगळे त्यांना ‘म्झे’ म्हणत, म्हणजे वडीलधाऱ्याला मानाने हाक मारायची तशी, म्हणून मीही म्हणायचो. ते मला ‘फुंदी’ म्हणत; तिकडे कारागिराला फुंदी म्हणतात.

चहा घेताना त्यांनी गाव विचारलं. मी नाशिक म्हटलं, तर हातातला कप खाली ठेवून म्हणाले, “आमचे पणजोबा नाशिकचे.”

मला वाटलं, गुजराती दुकानदारांपैकी कोणाशी नातं असेल. तसं नव्हतं. पणजोबा आफ्रिकेतच जन्मलेले. लहानपणी त्यांना पकडून किनाऱ्यावर विकलं, गलबतात घातलं. ते गलबत इंग्रजांच्या आरमाराने अडवलं आणि सुटलेल्या पोरांना मुंबईत उतरवलं. तिथून ते नाशिकच्या शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात आले. लोहारकाम, सुतारकाम आणि बायबल शिकले. नावही तिथेच नवं मिळालं, इंग्रजी. मूळ नाव घरात आज कोणालाच माहीत नाही.

शरणपूर रोडवरून मी रोज सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाकडे जातो, पण हे कधी कानावर आलं नव्हतं. आमच्याकडे नाशिक म्हणजे पंचवटी, त्र्यंबक आणि हल्ली द्राक्षांची वाइन. आफ्रिकेचा प्रसिद्ध संशोधक-मिशनरी लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये झांबियात वारला तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना वाचणारा आणि पुढे त्याचा मृतदेह लंडनपर्यंत पोचवणारा जेकब वेनराइट याच आश्रमाच्या शाळेतला. हेही मला मोंबासात कळावं?

“चला, राबाईला जाऊन येऊ,” म्झे म्हणाले. राबाई हे मोंबासाजवळचं गाव. माझेरासवरून आत वळलो. नारळीची झाडं, लाल माती, जुनं चर्च, त्यातच संग्रहालय. बराचसा भाग क्राफ नावाच्या जर्मन मिशनऱ्याबद्दल. म्झे तिथे थांबलेही नाहीत. त्यांना मला विल्यम जोन्सबद्दल सांगायचं होतं. जोन्स स्वतः गुलामीतून सुटलेला, नाशिकला शिकलेला. 1864 च्या सुमारास काही सोबत्यांबरोबर तो इकडे परतला आणि पुढे राबाईचं मिशन सांभाळू लागला.

पुढचं ऐकताना मी पॅनल विसरलो. हा किनारा तेव्हा झांझिबारच्या सुलतानाकडे होता. 1873 मध्ये त्या सुलतानाने करार करून गुलामांचा बाजार बंद केला, पण गुलाम बाळगणं बंद झालं नव्हतं. मोंबासाच्या मळ्यांतले गुलाम पळून राबाईला येत. कायदा मालकांच्या बाजूने होता आणि पळालेल्यांना आसरा देऊ नका, असं गोऱ्या अधिकाऱ्यांचं वरून सांगणं. जोन्स आणि त्याची माणसं आसरा देतच राहिली. आलेल्यांनी झोपड्या बांधल्या, शेतं केली. मालक हत्यारं घेऊन चालून यायच्या धमक्या देत होते. शेवटी 1 जानेवारी 1889 ला इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झीने चौदाशेच्या आसपास लोकांना मुक्ततेचे कागद वाटले.

“त्यांना काही पैसे वगैरे मिळाले?” मी विचारलं.

“मिळाले ना. मालकांना.”

मी हसलो, ते हसले नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट राबवून घेतलं त्यांनाच भरपाई. आणि किनाऱ्यावर गुलामी कायद्याने संपली ती 1907 मध्ये, म्हणजे आणखी अठरा वर्षांनी.

परतताना ते मला न्यालीच्या हॉटेलवर सोडणार होते. वाटेत फ्रेरटाउन लागतं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव 1875 मध्ये सुटलेल्या गुलामांच्या या वसाहतीला दिलं, कारण सुलतानाशी बोलणी करायला तेच आले होते. नाशिकचे पुष्कळ जण इथे आणून वसवले. रस्त्याकडेला कमानीत एक घंटा आहे, हल्ला आला की ती वाजवत. मी म्हणालो, फ्रेअरसाहेबांनी मोठं काम केलं. म्झेंचा चेहरा जरा आक्रसला.

“केलं. पण फुंदी, माझ्या पणजोबांना आधी मुंबईला नेलं ते कोणी विचारून नव्हे, नाशिकला नेलं तेही नाही, आणि परत इथे आणलं तेव्हाही निर्णय साहेबांचाच. स्वतःच्या मनाने त्यांनी केलं ते एकच, रात्री पळून आलेल्याने दार वाजवलं की उघडलं.”

मला हे थोडं एकांगी वाटलं. गलबत अडवलंच नसतं तर दार उघडायला कोण उरलं असतं? तसं मी बोललोही. आमचा वाद हॉटेलच्या फाटकापर्यंत चालला. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, वीज आली होती. म्झेंनी गाडी वळवली आणि रस्त्यात पुन्हा जोन्सवर आले.