तुम्ही विचारलंत म्हणून: देव दुसऱ्या टेकडीवर का नेत नाहीत?

पुण्या-मुंबईचे पाहुणे हल्ली आमच्याकडे बडोद्याला येतात ते मुख्यतः केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा बघायला. रात्री जेवताना मी सांगते, की १८२ मीटरचा तो पुतळा ज्या साधू बेटावर उभा आहे, त्या टेकडीला तिथले तडवी आदिवासी वराता बावाची टेकडी म्हणतात. ते त्यांचं देवस्थान. मग कोणीतरी विचारतंच, ‘अगं, पण देव दुसऱ्या टेकडीवर बसवता येत नाही का?’

मी आमच्या देवघराकडे बोट दाखवते. गायकवाडांच्या चाकरीत आमचे पूर्वज इथे आले, ते खंडोबाचा टाक घेऊनच. त्याची रोज पूजा होते. तरी घरात लग्न झालं की नवं जोडपं जेजुरीला जातंच. ‘टाक आहे ना घरात, मग कशाला एवढा प्रवास?’ असं आमच्यात कोणी म्हटल्याचं ऐकलं नाही.

अर्थात हे उत्तर अर्धंच. आपला देव निदान टाकाच्या रूपात गाठोड्यात बांधून आणता आला. डोंगर कसा आणणार?

छोटा उदेपूरकडे (२०१३ पर्यंत तो भाग वडोदरा जिल्ह्यातच होता) राठवा आदिवासींचं एक देवस्थान पाहिलं. देऊळ नाही, भिंत नाही, दानपेटी तर नाहीच. झाडाखाली नवसाचे मातीचे घोडे मांडलेले. पुढचे नवे, भट्टीतून आत्ताच काढल्यासारखे तांबूस. त्यांच्यामागे शेवाळलेले, कोणाचा कान गेलेला, कोणाची मान. सगळ्यात मागे नुसती खापरं, अर्धी मातीत गेलेली. ‘जुने उचलत नाही का?’ असं विचारल्यावर सोबतचे काका म्हणाले, ‘उचलून टाकायचे कुठे? देवाचे झाले ते.’ तिथून खाली रस्त्यावर आलं की खाणीतल्या डोलोमाइट दगडाचे ट्रक जाताना दिसतात.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींना हाच प्रश्न सरकारी कागदावर विचारला गेला. नियमराजा हा त्यांचा देव आणि नियमगिरी त्याचा डोंगर. त्याच्या माथ्यावर बॉक्साइट (अ‍ॅल्युमिनियमचं खनिज), पायथ्याशी लांजीगडला वेदान्त कंपनीचा कारखाना, आणि त्याच्यासाठी माथ्यावर खाण काढायचा बेत. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खाणीमुळे तिथल्या लोकांच्या पूजेच्या हक्काला धक्का बसतो का, हे ग्रामसभा ठरवतील आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी तिथे हजर राहील. राज्य सरकारने डोंगरातल्या शंभराहून जास्त गावांमधली फक्त १२ निवडली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या बाराही गावांनी ‘नाही’ म्हटलं. पुढच्या जानेवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खाणीला परवानगी नाकारली.

इथे पाहुणे ‘वा!’ म्हणतात आणि मला थोडी चीड येते. कोंध लोक नुसत्या देवाबद्दल बोलत नव्हते. त्या डोंगरातून झरे निघतात, वंशधारा नदी निघते, उतारावर त्यांची शेतं आहेत. पण शेत आणि पाणी म्हटलं की समोरून नुकसानभरपाईचा आकडा येतो. देवाचा भाव काढता येत नाही, म्हणून तो पुढे करावा लागला. आपली श्रद्धा खरी आहे हे अधिकाऱ्यासमोर उभं राहून सांगायची वेळ जेजुरीच्या भक्तांवर कधी आली आहे का?

आणि कृपा करून ‘भोळे निसर्गपूजक’ म्हणू नका. छोटा उदेपूरच्या त्या काकांना गावापर्यंत पक्का रस्ता हवाच होता, आणि तो कुठून जावा याचा नकाशाही त्यांच्या डोक्यात तयार होता.

गेल्या खेपेला एक मेहुणे म्हणाले, ‘मग विकास करायचा तरी कुठे?’ मी म्हटलं, भावोजी, आदिवासी भागांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला अधिकार दिलेत ते त्यासाठीच. त्यांना विचारा, मला काय विचारताय?