इंजिनच्या ऑइल गळतीचा माग

गाडी नेहमी उभी असते त्या जागेवर, पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, पंजाएवढा काळपट डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तो जुनाच असेल असे समजून मी त्याकडे दुर्लक्ष केले. पंधरा दिवसांनी तो पसरला होता, आणि लांबचा प्रवास करून गाडी थांबवली की बॉनेटमधून जळक्या तेलाचा उग्र दर्प येऊ लागला होता. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून पाहिली तर ऑइलची पातळी वरच्या खुणेपासून जवळजवळ खालच्या खुणेपर्यंत उतरली होती. बहुतेक मोटारगाड्यांमध्ये या दोन खुणांमधले अंतर साधारण एक लिटर ऑइलचे असते. सर्व्हिसिंग होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे हे ऑइल कुठेतरी बाहेर पडत होते हे उघड होते. त्या शोधात आणि दुरुस्तीत जे शिकलो, ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब इंजिन ऑइलचाच असतो असे नाही. एसी चालू असेल तर स्वच्छ पाणी ठिबकते, आणि त्यात काळजीचे काही नसते. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा निळे असते आणि बोटांना पाण्यासारखे पातळ लागते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बहुधा लालसर असते. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे, बोटांत चोळल्यावर बुळबुळीत आणि चटकन न सुकणारे असते. मी रात्री गाडीखाली एक मोठा पांढरट पुठ्ठा पसरला आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने आखून घेतल्या, म्हणजे सकाळी थेंब कोणत्या भागाखाली पडले ते नेमके कळावे. सकाळी पुठ्ठ्यावर सात काळे ठिपके होते आणि सातही इंजिन व गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या सांध्याच्या बरोबर खाली होते.

गाडी लिफ्टवर घेऊन पाहिल्यावर मेकॅनिकने लगेच निदान केले, “क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” त्यांचे म्हणणे वरवर पाहता चूक नव्हते. क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील त्याच सांध्याच्या आत असते आणि ते फाटले की ऑइल तिथूनच ठिबकते. सील स्वतः एक साधी रबरी कडी असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते, म्हणजे खर्च जवळजवळ सगळा मजुरीचा. इतके मोठे काम सांगितले गेले म्हणूनच मला वाटले की आधी स्वतः नीट पाहावे.

यात एक गोष्ट समजून घेणे फार आवश्यक आहे. ऑइल जिथून गळते तिथे ते क्वचितच पडते. इंजिनच्या माथ्यावरून सुटलेला ओघळ गुरुत्वाकर्षणाने खाली येतो, गाडी धावताना समोरून येणारी हवा त्याला मागे ढकलते, वाटेतल्या प्रत्येक बोल्टला, फासळीला आणि खाचेला वळसा घालत तो सर्वांत खालच्या कडेला जमा होतो आणि तिथून थेंब होऊन सुटतो. इंजिन आणि गिअरबॉक्सचा सांधा ही नेमकी तशी सर्वांत खालची कड आहे. म्हणजे वर कुठेही गळती असो, तिचे ऑइल इथे येऊन ठेपण्याची शक्यता मोठी. म्हणून खालून वर पाहत जावे आणि ओला दिसणारा सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा बिंदू शोधावा; उगम तिथे किंवा त्याच्या जवळच असतो.

माझ्या इंजिनवर मात्र सगळेच ओले होते. कित्येक महिन्यांच्या ऑइलवर धूळ बसून काळा, मेणचट थर तयार झाला होता आणि त्यात नवे काय, जुने काय हे ओळखणे अशक्य होते. अशा वेळी शोध घेण्याआधी इंजिन धुऊन कोरडे करणे याला पर्याय नाही, आणि बहुतेक चुकीची निदाने हीच पायरी गाळल्यामुळे होतात असे माझे मत आहे. इंजिन थंड असताना अल्टरनेटर, एअर फिल्टरचे तोंड आणि विजेचे जोड प्लास्टिकने झाकून मी डीग्रीझर मारला, ब्रशने कोपरे घासले, बेताच्या पाण्याने धुतले आणि रात्रभर वाळू दिले.

नंतर ऑइलमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग टाकला. हा रंग छोट्या बाटलीत मिळतो, त्याने ऑइलला अपाय होत नाही आणि बाटलीवर दिलेल्या प्रमाणात तो ऑइल भरण्याच्या तोंडातून ओतायचा असतो. वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवून आणली, अंधार पडू दिला, पिवळा चष्मा लावला आणि अतिनील टॉर्च इंजिनावर धरली.

जे दिसले ते अजून डोळ्यांसमोर आहे. काळ्या इंजिनावर, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून, दोऱ्याएवढी बारीक पोपटी रेघ सुरू होत होती. त्या झाकणाखालच्या सिलिंडर हेडच्या उभ्या भिंतीवरून ती उतरत होती, एका बोल्टच्या डोक्याभोवती कडे करून दोन फाटे होत होती. एक फाटा सायलेन्सरच्या गरम पाइपाच्या दिशेने आणि दुसरा थेट गिअरबॉक्सच्या सांध्याकडे. जळका वास आणि पुठ्ठ्यावरचे ठिपके या दोन्हींचा उलगडा त्या एका रेघेत झाला. टॅपेट कव्हरच्या वर सगळे कोरडे होते.

तरीही इतर संशयित जागा मी त्याच टॉर्चने पाहून घेतल्या, कारण दोन गळत्या एकत्र असू शकतात. ऑइल फिल्टर आणि ऑइल प्रेशर स्विच या दाबाखालच्या जागा आहेत. इंजिन चालू असताना ऑइल पंप तिथे काही बार दाब देत असतो, म्हणून त्या गळू लागल्या तर ऑइल झपाट्याने जाते. प्रेशर स्विचमधून तर कधी कधी थेट विजेच्या जोडाच्या आतून ऑइल पाझरते. टॅपेट कव्हरखाली मात्र ऑइल केवळ शिंतडते आणि परत खाली वाहून जाते, त्यामुळे तिथली गळती संथ असते आणि महिनोनमहिने लक्षात येत नाही. फिल्टर, स्विच, ड्रेन प्लग आणि ऑइल चेंबरची (इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याची) कड कोरडी होती.

कव्हर काढणे सोपे होते. इग्निशन कॉइल बाजूला केल्या, दोन होज सोडल्या आणि १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढले. कॉइल काढल्यावर स्पार्क प्लगच्या खोबणीत ऑइल साचले आहे का हेही पाहावे. प्लगभोवतीची रबरी कडी कडक झाली की ऑइल तिथे उतरते आणि इंजिन मिसफायर करू लागते. कव्हरच्या खाचेतले जुने पॅकिंग, म्हणजे कव्हर आणि हेडमधली फट बंद करणारी रबरी पट्टी, मी हातात घेतले आणि वाकवून पाहिले. नवे पॅकिंग बोटाभोवती गुंडाळता येते आणि सोडताच पुन्हा सरळ होते. हे मात्र तडकन मोडले. कोऱ्या पॅकिंगला उंचवट्याची जी कड असते तिच्या जागी सपाट, चकचकीत पट्टी उरली होती. वर्षानुवर्षे शंभर अंशांच्या आसपास तापून आणि दाबाखाली राहून रबराने कव्हरचाच आकार कायमचा घेतला होता, आणि धातू तापून फुगला किंवा थंड होऊन आक्रसला तर त्याच्या मागोमाग हलण्याची ताकद त्यात उरली नव्हती.

बसवताना बहुतांश वेळ सफाईत गेला आणि तो तसाच जायला हवा. हेडच्या कडेवर चिकटलेले जुन्या सीलंटचे तुकडे मी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले, कारण ॲल्युमिनियमवर लोखंडी पट्टीचा ओरखडा उठला तर तोच नव्या गळतीची वाट होतो. आत तुकडे पडू नयेत म्हणून उघड्या भागावर स्वच्छ फडके अंथरले होते. हेडच्या टोकाला, जिथे सपाट कड अर्धगोलात वळते, त्या दोन कोपऱ्यांवर सीलंटची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची रेघ दिली. पॅकिंगला एकट्याने तो कोन भरता येत नाही. सगळीकडे सीलंट थापण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. आतल्या बाजूला फुगून आलेले सीलंट सुटून ऑइल चेंबरमध्ये पडते आणि पंपाच्या गाळणीत अडकले तर इंजिनला ऑइलच मिळत नाही.

बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) घट्ट केले. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत त्यासाठी १० न्यूटन-मीटर दिले आहे. चाकाच्या नटांना साधारण १०० न्यूटन-मीटर लागतात, यावरून हा आकडा किती लहान आहे हे लक्षात यावे. गळती थांबावी म्हणून हेच बोल्ट जोर लावून आवळले जातात, आणि त्यात कव्हर वाकते, पॅकिंग चेपते किंवा हेडमधले आटे जातात. सीलंट पक्के होण्यासाठी २४ तास गाडी सुरू केली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर काम अर्धेच राहिले असते. पॅकिंग जुने झाले होते हे खरे, पण गळती अचानक का वाढली हा प्रश्न शिल्लक होता. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट असलेल्या इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरतो. १९६०च्या दशकापूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडला जाई. नंतर तो एका झडपेतून, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, पुन्हा इंजिनात जाळण्यासाठी ओढून घेण्याची पद्धत रूढ झाली. ही झडप तुंबली की वायूचा दाब आत कोंडतो आणि जी जोडणी सर्वांत कमकुवत असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. माझ्या इंजिनात हा व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरवरच आहे. तो काढून कानाशी हलवला. आतली झडप खुळखुळायला हवी होती. ती काळ्या चिकट काजळीत घट्ट रुतली होती, आवाजच आला नाही. नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरण्याच्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून धरला, तो किंचित आत ओढला गेला. जुन्या व्हॉल्व्हवर हीच तपासणी केली होती तेव्हा हातमोजा फुगला होता.

पुठ्ठ्यावर त्यानंतरही तीन दिवस एक-दोन थेंब पडत राहिले आणि मन धास्तावले. टॉर्चने पाहिले तर वरची भिंत कोरडी होती. गिअरबॉक्सच्या सांध्याच्या खाचेत साठलेले जुने ऑइल तेवढे निथळत होते. ती खाच पुसून काढली. ५०० किलोमीटरनंतर पाहिले तेव्हा कोपऱ्यात, भिंतीवर आणि सांध्यावर कुठेही पोपटी चमक नव्हती, आणि डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेवरच होती. क्रँकच्या सीलला अजून हात लावावा लागलेला नाही. ऑइल बदलताना गाडी खालून दिसते तेव्हा तो सांधा मात्र दर वेळी बोट फिरवून पाहतो, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून पाहतो.