कोऱ्या एसएसडीपासून डेस्कटॉपपर्यंत: वाटेत अडवणारे ड्रायव्हर

लॅपटॉप अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, आत नवी एनव्हीएमई एसएसडी आणि हाताशी विंडोज ११ चा ताजा पेनड्राइव्ह. भाषा निवडली, अटी मान्य केल्या आणि विंडोज कुठे टाकायचं ते विचारणाऱ्या पडद्यावर यादी रिकामी! खाली एवढंच: एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हरसाठी (विंडोजला डिस्कशी बोलू देणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) 'लोड ड्रायव्हर' दाबा.

इथे पोचलेले बरेच जण एसएसडी गेली असं समजून लॅपटॉप उघडायला घेतात. घाई नको. आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगांत, डोकवा. तिथे एसएसडीचं नाव आणि क्षमता दिसत असेल, तर ती बहुधा ठणठणीत आहे. या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत इंटेलचा व्हीएमडी कंट्रोलर (एसएसडी सांभाळणारा प्रोसेसरमधला भाग) चालू करूनच येतो. एसएसडी त्याच्या आड बसते, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर बहुतेकदा नसतो. त्यामुळे बायोसला दिसणारी डिस्क सेटअपला दिसत नाही.

इथून दोन वाटा फुटतात. बायोसमध्ये व्हीएमडी बंद केला, की विंडोजचा स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर काम भागवतो. एकच एसएसडी असेल आणि रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) करायची नसेल, तर मला हीच वाट सरळ वाटते. शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर सोयीचीही. मात्र डिस्कवरची जुनी विंडोज ठेवायची असेल, तर या सेटिंगला परस्पर हात लावू नका. ती बूट होताना 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत निळा पडदा दाखवू शकते, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की मागते ते वेगळंच.

माझ्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो पर्यायच नव्हता, म्हणून दुसरी वाट धरली: ड्रायव्हर आपण पुरवायचा. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर तो सहसा ईएक्सई (चालवून बसवायची एकच फाइल) म्हणून मिळतो, आणि 'लोड ड्रायव्हर'ला ईएक्सईचा काही उपयोग नाही. त्याला आयएनएफ, एसवायएस आणि कॅट अशा सुट्या फायली लागतात. इंटेलच्या सेटअपआरएसटी या फायलीतून त्या काढायची सोय आहे: दुसऱ्या विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये तिच्या नावापुढे हायफन लावून 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' आणि फोल्डरचं नाव द्यायचं. निघालेलं फोल्डर तसंच्या तसं पेनड्राइव्हवर टाका, विंडोजच्याच पेनड्राइव्हवर टाकलं तरी चालतं.

मग 'लोड ड्रायव्हर', ब्राउझ, आणि त्यातलं व्हीएमडीचं फोल्डर. एकासारखी एक नावं समोर येतात. अकराव्या पिढीला 'व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी' हवा, बाराव्या पिढीच्या बऱ्याच मशीनना '४६७एफ'. जवळच '०९एबी' असलेला 'मॅनेज्ड कंट्रोलर' दिसला, तर तो सोडून द्या. नेक्स्ट दाबल्यावर थोडा वेळ काहीच हलत नाही, मग यादीत 'ड्राइव्ह ०' उगवतो.

सुसंगत नसलेले ड्रायव्हर लपवणारी खूण असते, ती काढू नका. खूण असताना यादी रिकामी आली, याचा अर्थ फोल्डर चुकलं किंवा आवृत्ती चुकली. खूण काढून भलताच ड्रायव्हर दामटून डिस्क दिसत नाही. नवी आवृत्ती जुन्या पिढीला चालेलच असंही नाही. खात्री करायची तर आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून आपल्या कंट्रोलरचा क्रमांक (जसं ९ए०बी) शोधा. तो आत नसेल, तर फाइलच्या नावावर मॉडेल लिहिलेलं असलं तरी ती आपल्या कामाची नाही.

ब्राउझमध्ये अडलात तर शिफ्ट आणि एफ१० दाबा (काही लॅपटॉपांवर एफएनसुद्धा), काळी खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट ही आज्ञा चालवून त्यात 'लिस्ट व्हॉल्यूम' देऊन पेनड्राइव्हचं अक्षर बघा, कारण इथली अक्षरं नेहमीसारखी नसतात. मग डिस्कपार्टमधून बाहेर पडून 'ड्रव्हलोड' ही आज्ञा आणि आयएनएफचा पूर्ण पत्ता. ड्रायव्हर बसला की नाही, हे ते स्पष्ट सांगतं, म्हणून मला तेच आवडतं.

याच्याशी गल्लत होणारा दुसरा संदेश म्हणजे 'मीडिया ड्रायव्हर' नाही अशी तक्रार. तिथे ड्रायव्हर शोधत बसू नका. बहुतेकदा सेटअपला स्वतःचाच पेनड्राइव्ह वाचता येत नसतो. पोर्ट बदला, यूएसबी २.० चं असेल तर उत्तम, नाहीतर विंडोजची आयएसओ (पेनड्राइव्ह बनवायची मूळ फाइल) पुन्हा उतरवून पेनड्राइव्ह नव्याने बनवा. विंडोज एक्सपीच्या काळात अशा ड्रायव्हरसाठी एफ६ दाबून फ्लॉपी घालावी लागे. आज फ्लॉपी कुठे दिसत नाही, पण इंटेलच्या फोल्डरांच्या नावांत तो एफ६ अजून भेटतो.

पुढचा अडथळा पहिल्या रीस्टार्टनंतर. स्टोरेज ड्रायव्हर विंडोज आपोआप सोबत नेते, पण वाय-फायची यादी रिकामी, टचपॅड थंड, आणि सेटअप इंटरनेटशिवाय पुढे सरकेना. टचपॅड बऱ्याचदा इंटेलच्या सीरियल आयओ ड्रायव्हरवर अवलंबून असतो, म्हणून यूएसबी माउस जवळ ठेवाच. नेटसाठी सर्वांत सोपं म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग. विंडोज तो सहसा नेटवर्क कार्ड म्हणून ओळखते. फोन नसेल तर पुन्हा शिफ्ट-एफ१०, आणि विंडोजच्या 'पीएनपीयूटिल' या आज्ञेला 'अॅड-ड्रायव्हर', 'सबडिर्स', 'इन्स्टॉल' देऊन वाय-फायचं सुटं केलेलं फोल्डर दाखवा.

केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्समध्ये, म्हणजे आभासी संगणकात, विंडोज टाकणाऱ्यांनाही हीच रिकामी यादी भेटते. तिथे व्हर्टआयओ-विन ही आयएसओ दुसरी सीडी म्हणून जोडा. डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर असेल तर व्हीआयओस्कझी, व्हर्टआयओ ब्लॉक असेल तर व्हीआयओस्टोर, आणि नेटवर्कसाठी नेटकेव्हीएम. प्रत्येकात विंडोजच्या आवृत्तीचं उपफोल्डर असतं, ते बरोबर निवडा. डेबियन हे लिनक्स टाकणाऱ्यांची वाट मात्र सुधारली आहे: २०२३ मधल्या डेबियन १२ पासून अधिकृत इमेजमध्येच नॉन-फ्री फर्मवेअर (वाय-फायसारख्या भागांना लागणाऱ्या, मुक्त परवाना नसलेल्या फायली) येतं. त्याआधी वाय-फायची फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन फिरावं लागे.

डेस्कटॉप आल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे त्रिकोण उरले असतील, तर प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. त्यात व्हीईएननंतर कंपनीचा क्रमांक असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. डीईव्हीनंतरचे चार अक्षर-अंक त्या भागाचे, ते घेऊन शोधा. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं इथे आडवी येतात, त्यांच्या नादी लागू नका.

सगळं चालू झालं की 'पीएनपीयूटिल', 'एक्स्पोर्ट-ड्रायव्हर', तारांकन आणि फोल्डरचा पत्ता देऊन बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवा. ते सुट्या फायलींतच निघतात, त्यामुळे पुढच्या वेळी 'लोड ड्रायव्हर'ला तसेच देता येतात. जुनी विंडोज अजून चालू असेल, तर हे डिस्क पुसायच्या आधीच उरका.