आनंदाच्या उकळ्या

रविवार, रात्रीचे साडेदहा. विश्रामबाग, सांगली.

लेकीला इंग्रजीत निबंध लिहायचाय, 'माझी आजी'. संध्याकाळी वही पुढे केली, तर एका पानात 'हॅपी' पाच वेळा. वाचून चुटपुट लागली. सत्तरी ओलांडलेली माझी आई पहाटे म्हशीशी गप्पा मारत धार काढते, दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून चहाला बसवते. तिला नुसतं 'हॅपी' म्हणून कसं भागेल? मग आम्ही दोघी शब्दकोश घेऊन बसलो.

'जोव्हिअल'मध्ये गुरू ग्रह निघाला. गुरूच्या अंमलाखाली जन्मलेला माणूस आनंदी, असं जुन्या युरोपात मानत. "म्हणजे तिकडेही पत्रिका बघायचे?" लेक हरखलीच. 'व्हिवेशस' म्हणजे चैतन्याने सळसळणारा; आपल्या 'जीव'च्या कुळातला, मला फार आवडतो. पण तो बहुधा तरुण मुलींना लावतात. 'स्प्राइटली' म्हणजे उतारवयातली चपळाई. अर्थ नेमका बसतो, पण तो आधी वय मोजतो आणि मग कौतुक करतो. नको वाटला.

'एक्झ्युबरंट' म्हणजे उत्साहाने ओसंडणारा. त्याच्यापाशी मात्र मी थबकले. त्याच्या पोटात लॅटिन 'उबेर' आहे. अर्थ सुपीक, भरघोस. आणि कासेलाही लॅटिनमध्ये 'उबेर'च म्हणतात. संस्कृतातलं 'ऊधस्' त्याचंच भाऊबंद. आई कासेला कोमट पाणी लावते, म्हैस पान्हावते आणि चरवीत फेस वर येतो, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. इतकी वर्षं हा शब्द मी पाठ केल्यासारखा वापरत होते. आज त्याला गोठ्याचा वास आला.

मग 'एबुलिएंट'. लॅटिन 'बुल्ला' म्हणजे बुडबुडा. उकळून, बुडबुडे फुटून बाहेर येणं. 'बॉइल'ही त्याच घरचा. म्हणजे आपल्या आनंदाच्या उकळ्याच की! मला वाळवा तालुक्यातलं आमचं गुऱ्हाळ आठवलं. चुलवाणात चिपाडं भडभडायची, काहिलीतला रस आधी नुसता थरथरायचा, मग कडेने बुडबुडे, मग मधोमध उसळी. गुळव्या रसावर येणारी मळी काढत राहायचा आणि आम्ही पोरं उसाची कांडी बुडवायला टपलेली. त्या घोळक्यात सगळ्यात मोठा आवाज आईचा असायचा, हसण्याचा.

लेकीने 'एबुलिएंट' लिहिला. 'हॅपी' एका जागी ठेवला, शेवटच्या वाक्यात; तिथे तो शोभतोय असं मलाही वाटलं.

नऊ वाजता तिने गावी फोन लावला. "आजी, तुझ्यासाठी शब्द सापडलाय, एबुलिएंट."

"म्हंजी काय गं बाय?"

"उकळ्या फुटणारी. काहिलीतल्या रसासारखी."

पलीकडून तेच हसू. मग आई म्हणाली, "आगं, मग माझ्यावरची मळी बी काढत जावा की कुणीतरी!"

लेक अजून झोपलेली नाही. आतून तिच्या हसण्याचा आवाज येतोय.