घर सासऱ्यांच्या नावावर होतं

सोमवारी सकाळी साडेदहाला मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीच्या खोलीपाशी पोचले, तर ती पायरीवरच बसली होती. मांडीवर चार वर्षांची पोर, शेजारी खताच्या दुकानाची पिशवी. पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, पोरीचं लसीकरणाचं कार्ड आणि ठाण्यात नोंदवलेल्या अदखलपात्र तक्रारीचा कागद. मनगटावर काकणं फुटून रुतल्याच्या खुणा.

“वकीलबाई, मला भांडायचं न्हाई. मला घरात जायचंय,” म्हणाली.

शुक्रवारी रात्री नवऱ्याने मारून बाहेर काढलं होतं. शनिवारी कपडे आणायला गेली, तर खोलीला नवं कुलूप. तक्रार लिहून घेताना तिला ऐकवलं गेलं होतं, “घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध? माहेरी जा.” हे वाक्य मी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या या तालुका कोर्टाच्या आवारात वकिलांच्या तोंडूनही ऐकते आणि दर वेळी संताप येतो. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क देतो, मग मालकी कोणाची का असेना. सासऱ्यांच्या मालकीच्या घराला हे लागू नाही, असा अर्थ 2006 च्या एका निकालामुळे रूढ झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी 15 ऑक्टोबर 2020 रोजी तो खोडून काढला. ग्रामपंचायतीच्या घरनोंदीच्या, म्हणजे नमुना आठच्या उताऱ्यावर कोणाचंही नाव असो, तिला असं रस्त्यावर काढता येत नाही.

अकरा वाजता संरक्षण अधिकारी बाई आल्या, याच कायद्याखाली पीडित बाईच्या मदतीला नेमलेल्या. त्यांच्याकडे दोन तालुके आहेत आणि त्या एसटीने फिरतात. घटना अहवालाचा फॉर्म त्या एकेक रकाना वाचून भरत होत्या. मारहाण झाली, शिवीगाळ झाली. लैंगिक अत्याचाराच्या रकान्यापाशी ती गप्प झाली आणि पोरीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं, पोरीला आमच्या शिपायासोबत पाणी प्यायला पाठवलं, दार लोटून घेतलं. पुढची पंचवीस मिनिटं मी काही बोलले नाही. कोणत्याच नोंदीत न आलेलं त्या बंद खोलीत पहिल्यांदा कागदावर आलं.

मग मी अर्ज लिहायला बसले. तीन वर्षांपूर्वीची एक चूक माझ्या मनातून जात नाही. तेव्हा एका बाईला मी निवासाचा आदेश मिळवून दिला होता, पण पोलिसांनी मदत करावी ही मागणी अर्जात घातली नव्हती. ती आदेशाची प्रत घेऊन एकटी दारात गेली. सासऱ्यांनी कागद वाचला आणि कडी लावली. ती रात्र तिने मारुतीच्या देवळात काढली. कलम 19 खाली पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला थेट निर्देश मागता येतात आणि नव्या वकिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ते पहिल्याच अर्जात मागा.

दुपारी पावणेतीनला पुकारा झाला. समोरच्यांना नोटीस पोचायची होती. पण कलम 23 प्रमाणे प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो. साहेबांनी प्रतिज्ञापत्र सावकाश वाचलं आणि थेट तिलाच विचारलं, “तुमचे कपडे, कागदपत्रं कुठं आहेत?”

“आतच हायेत, साहेब.”

पाच वाजता आदेश हातात आला. मारहाण करायची नाही, खोली उघडून द्यायची, तिला बाहेर काढायचं नाही, पोलिसांनी मदत करायची. या आदेशाच्या प्रतीला पैसे पडत नाहीत, हेही तिला सांगितलं. ती पिशवीतल्या पिशवीत पैसे शोधत होती.

सात वाजता आम्ही गावात पोचलो. एक हवालदार, एक महिला शिपाई, संरक्षण अधिकारी आणि मी. नवरा नव्हता. गल्ली जमली. सासरे ओट्यावर उभे राहून म्हणाले, “घर माझं हाय.”

हवालदारांनी बॅटरीच्या उजेडात आदेश मोठ्याने वाचला आणि शांतपणे म्हणाले, “काका, घर तुमचंच आहे. सूनबाईंना राहू द्या, एवढंच लिहिलंय. नाही ऐकलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे.”

म्हातारा बराच वेळ उभा राहिला. मग सासूने देवघरातून किल्ली आणली आणि सुनेकडे न बघता उंबऱ्यावर ठेवली.

खोलीत तिचे कपडे पोत्यात कोंबले होते. तिने आधी पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडून आत पीठ आहे का पाहिलं, मग पोरीला खाटेवर निजवलं. गोदरेजच्या कपाटाची किल्ली तीन दिवस तिच्या पदराच्या गाठीत होती. कपाट लावलेलंच होतं. दागिन्यांचा डबा आणि आधार कार्ड दोन्ही जागेवर. संरक्षण अधिकाऱ्यांनी तिथेच यादी करून तिची सही घेतली.

मी घरी पोचते तोच, सव्वानऊला तिचा फोन आला.

“त्यांनी आमच्या खोलीची लाइट तोडलीय, वकीलबाई. पण मी आत हाय.”

मी तिला कडी लावून घ्यायला सांगितलं आणि हवालदारांना फोन लावला. रोजच्या वापरातली सोय अडवणं हीसुद्धा या कायद्यात आर्थिक हिंसाच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा अर्ज घेऊन मी कोर्टात उभी होते.