ब्लीक हाउस, भाग ७ ते ११: स्मॉलवीड कुटुंबाचा गुंता सुटला

चार्ल्स डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ मूळ मासिक अंकांच्या भागांप्रमाणे वाचणं चालू आहे. भाग ११ झाला, म्हणजे प्रकरण ३५ पर्यंत पोचलो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाग ७ मध्ये वाचन का अडतं, याचं कारण हाती लागलं आणि त्यावर उपायही सापडला. या नोंदीत प्रकरण ३५ च्या पुढचं काहीही फोडलेलं नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी निर्धास्त वाचावं, पण इथपर्यंत पोचला नसाल तर आधी तेवढं वाचून या.

वेग ठरल्याप्रमाणे आठवड्याला एक भाग. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात ही कादंबरी दरमहा एक शिलिंगाच्या अंकातून आली. प्रत्येक अंकात ३२ पानं आणि चित्रकार फिझची दोन चित्रं असत, आणि शेवटचा अंक जोडअंक होता. त्यामुळे भाग २०, पण अंक १९. एका भागाचे साधारण १८ हजार शब्द होतात. टिपा बघत सावकाश वाचलं तर दोन ते अडीच तास लागतात, आणि दोन बैठकांत भाग आरामात उरकतो. प्रकरण मोजून वाचायचं नाही, अंक मोजून वाचायचं, हे पहिल्या नोंदीपासूनचं सूत्र कायम आहे. त्याचा खरा फायदा भाग १० मध्ये दिसला. त्याबद्दल पुढे.

आता अडचण. भाग ७ म्हणजे प्रकरणं २० ते २२, आणि या भागात एस्थर, म्हणजे अर्धी कादंबरी स्वतः सांगणारी नायिका, एकदाही बोलत नाही. त्याआधीचं प्रकरण १९ सुद्धा तिचं नाही. सलग चार प्रकरणं वर्तमानकाळी, त्रयस्थ, लांब वाक्यांचं कथन. त्यातच कादंबरीचा तिसरा हिस्सा सरत आला असताना प्रकरण २१ मध्ये माउंट प्लेझंटजवळचं एक कोरं करकरीत कुटुंब समोर येतं. व्याजबट्ट्यावर जगणारा म्हातारा स्मॉलवीड, पैशांचे आकडे बरळणारी म्हातारी, जुळी नातवंडं बार्ट आणि ज्यूडी. म्हातारी आकडा बोलली की म्हातारा तिच्या अंगावर उशी फेकतो, त्या झटक्यात स्वतःच खुर्चीत घसरून गठुळं होतो, आणि मग नातीला त्याला हलवून सरळ करावं लागतं. प्रसंग झकास आहे. पण लेडी डेडलॉक, तिच्या घरचा वकील टल्किंगहॉर्न, मेलेल्या नक्कलनवीस नीमोची खोली हे सगळं टांगणीला ठेवून ही मंडळी आत्ता कशासाठी, ते कळत नाही. पुस्तक बाजूला पडतं ते इथे.

यावर तीन उपाय नेहमी सुचवले जातात. पहिला, हे प्रकरण वरवर चाळा. हा सर्वात वाईट, कारण भाग ११ चा सगळा ताण याच प्रकरणावर उभा आहे. दुसरा, आवृत्तीच्या सुरुवातीची पात्रसूची हाताशी ठेवा. ती आडनावांच्या क्रमानं असते, कोण कोणाचा काय लागतो हे आधीच सांगून मोकळी होते, आणि कोण कुठे भेटलं होतं हे मात्र सांगत नाही. तिसरा उपाय वरकरणी हुशारीचा वाटतो: आधी एस्थरची प्रकरणं सलग वाचा, उरलेली नंतर. ६७ पैकी ३३ प्रकरणं तिची आहेत, तेव्हा अर्धी कादंबरी सरळ रेषेत हाती येईल असं वाटतं. पण प्रकरण ३१ ला हा बेत कोलमडतो. सेंट ऑल्बन्सच्या वीटभट्टीवाल्यांच्या झोपडीत तापानं फणफणलेला, रस्त्यावरचा पोरगा जो, एस्थरला पाहून घाबरतो आणि तिला भलतीच बाई समजतो. प्रकरण १६ आणि २२ वाचलेली नसतील तर ती भीती कळायला मार्गच नाही. दोन कथनं एकमेकांत इतकी घट्ट विणलेली आहेत की एक सोडवायला गेलं की दुसरं उसवतं.

मार्ग सापडला तो पत्त्यांमधून. या कादंबरीत प्रत्येक माणूस एखाद्या जागेला बांधलेला आहे, आणि कथानक पुढे सरकतं ते एका जागेची वस्तू किंवा कागद दुसऱ्या जागी गेला की. म्हणून माणसागणिक कार्ड न करता जागेगणिक कार्ड करायचं. साधी ३ बाय ५ इंचांची इंडेक्स कार्डं, प्रत्येक पत्त्याला एक. आतापर्यंत बारा पुरली आहेत: चेस्नी वोल्ड (डेडलॉकांचा वाडा), ब्लीक हाउस (एस्थर राहते ते घर), लिंकन्स इन फील्ड्समधलं टल्किंगहॉर्नचं घर, भंगारवाल्या क्रूकचं दुकान (वरच्या खोल्यांसकट), कुक्स कोर्टातलं कायद्याच्या कागदांचा व्यापारी स्नॅग्जबीचं दुकान, टॉम-ऑल-अलोन्स ही पडकी वस्ती, थेव्हीज इन, बेल यार्ड, माउंट प्लेझंट, लेस्टर स्क्वेअरजवळची माजी सैनिक जॉर्जची शूटिंग गॅलरी, एलिफंट अँड कॅसलकडचं त्याचा दोस्त बॅगनेटचं वाद्यांचं दुकान आणि वीटभट्टी. पुढच्या बाजूला तिथे राहणारे आणि येऊन गेलेले, प्रत्येकापुढे प्रकरणाचा आकडा. मागच्या बाजूला फक्त कागद आणि पैसा: काय आलं, काय गेलं, कोणाच्या हातून. टोपणनावं वरच्या कोपऱ्यात. हा कोपरा मोकळाच ठेवा, कारण गपी नावाच्या कारकुनाचा मित्र जॉब्लिंग क्रूककडे भाडेकरू म्हणून जातो तो वीव्हल या नावानं, आणि एस्थरला तर डेम डर्डन, मदर हबर्ड, कॉबवेब अशी कितीतरी नावं आहेत. पेन्सिलच वापरा, खोडावं लागतं.

मागची बाजू भरत गेलं की प्रकरण २१ का आहे ते दिसायला लागतं. प्रकरण २ मध्ये लेडी डेडलॉक एका दस्तऐवजाचं अक्षर पाहून विचारते, हे कोणी लिहिलं? प्रकरण १० मध्ये टल्किंगहॉर्न त्या अक्षराचा माग काढत स्नॅग्जबीकडे आणि तिथून क्रूकच्या वरच्या खोलीत पोचतो. नीमो म्हणजेच कॅप्टन हॉडन असा त्याचा संशय, म्हणून प्रकरण २७ मध्ये त्याला हॉडनच्या हातचा एखादा कागद जुळवून पाहायला हवा असतो. असा कागद आहे जॉर्जकडे, आणि जॉर्ज तो द्यायला तयार नाही. मग जॉर्जला वाकवायचं कसं? उत्तर माउंट प्लेझंटच्या कार्डाच्या मागे आहे: जॉर्जची हुंडी.

ही हुंडी नीट समजून घ्यायलाच हवी. रक्कम ९७ पौंड ४ शिलिंग ९ पेन्स. काढणारा बॅगनेट, स्वीकारणारा जॉर्ज, धरून बसलेला स्मॉलवीड. पैसे वापरले जॉर्जनं, पण कागदावर बॅगनेटचंही नाव आहे, म्हणजे जॉर्जनं भरले नाहीत तर त्या भल्या माणसाचं दुकान आणि संसार जप्तीत जाऊ शकतो. दर दोन महिन्यांनी व्याज भरायचं आणि हुंडी नवी करून घ्यायची, असा रिवाज पडलेला. प्रकरण २१ मध्ये जॉर्ज येतो तो याच व्याजासाठी. प्रकरण ३४ मध्ये स्मॉलवीड नूतनीकरण नाकारतो आणि बॅगनेटला वाचवायला जॉर्जला हॉडनचं ते पत्र टल्किंगहॉर्नच्या हाती द्यावं लागतं. धमकी एकाला, मार दुसऱ्याला, फायदा तिसऱ्याचा. कार्डांवर ही साखळी चार ओळींत मावते.

९७ पौंड म्हणजे किती, हा प्रश्न साहजिक आहे. आजच्या रुपयांत रूपांतर करणारी कोष्टकं फार उपयोगाची नाहीत. त्यापेक्षा कादंबरीतलंच माप घ्यावं. प्रकरण ९ मध्ये गपी एस्थरला मागणी घालताना आपला पगार सांगतो: आठवड्याला दोन पौंड. म्हणजे ही हुंडी वकिलाच्या कचेरीतल्या कारकुनाच्या जवळजवळ अकरा महिन्यांच्या पगाराइतकी. एक पौंड २० शिलिंगांचा, एक शिलिंग १२ पेन्सचा, एवढं पाठ असलं की पुरे. असं एक वेतन प्रत्येक व्हिक्टोरियन कादंबरीत शोधून पहिल्या कार्डावर लिहून ठेवावं. पुढची सगळी मृत्युपत्रं आणि कर्जं त्यावर मोजता येतात.

या पद्धतीला एक मोठं भोक आहे: जो. त्याला पत्ताच नाही. प्रकरण १९ मध्ये पोलीस त्याला पुढे चल म्हणून हाकलतो आणि तो हाकललाच जात राहतो. त्याच्यासाठी वेगळी अरुंद चिठ्ठी केली आणि ती क्लिपनं त्या त्या जागेच्या कार्डाला लावत गेलो. टॉम-ऑल-अलोन्स, कुक्स कोर्ट, मग थेट सेंट ऑल्बन्सची वीटभट्टी, तिथून ब्लीक हाउसच्या तबेल्याकडची खोली, आणि सकाळी खोली रिकामी. चिठ्ठी हलवताना लक्षात येतं की तापही याच वाटेनं चालला आहे: जो कडून एस्थरची मोलकरीण चार्लीला, चार्लीकडून एस्थरला. डिकन्स रोगाचं नाव घेत नाही, पण चान्सरी कोर्टातल्या दाव्यात कुजत पडलेल्या वस्तीतून तो एका नीटनेटक्या घरात कसा शिरला, हे त्या क्लिपच्या प्रवासात डोळ्यांनी दिसतं. या टप्प्यातलं सर्वात मोठं समाधान हेच.

आता भाग १०, प्रकरणं ३० ते ३२, डिसेंबर १८५२ चा अंक. प्रकरण ३१ संपतं ते एस्थर चार्लीला आपल्याला दिसत नाही असं सांगते तिथे. पान उलटलं की प्रकरण ३२, आणि त्यात एस्थरचा उल्लेखही नाही. गपी आणि वीव्हल मध्यरात्रीची वाट पाहत क्रूकच्या वरच्या खोलीत बसलेत, क्रूककडून हॉडनच्या पत्रांचं पुडकं मिळवायला. या प्रकरणाची बांधणी सावकाश पाहण्यासारखी आहे. आधी रस्त्यावर स्नॅग्जबीला वास येतो आणि त्याला वाटतं, शेजारच्या सोल्स आर्म्स या पबमध्ये चॉप्स करपल्या असाव्यात. मग खोलीत काजळी पडते, ती गपीच्या बाहीला चिकटते आणि पुसली तर चरबीसारखी पसरते. मग तो खिडकीच्या कठड्यावर हात टेकतो आणि बोटांना दाट पिवळा द्रव लागतो. बारा वाजतात, दोघं खाली उतरतात तर क्रूक आपोआप पेटून राख झालेला, आणि तोवर वाचकाला सगळं कळलेलं असतं, फक्त त्या दोघांना नाही. माणूस असा आपोआप पेटू शकत नाही म्हणून टीकाकार जी. एच. ल्यूइसनं तेव्हा जाहीर आक्षेप घेतला आणि डिकन्सनं पुस्तकाच्या प्रस्तावनेतही आपली बाजू लढवली. विज्ञान ल्यूइसच्या बाजूचं होतं. प्रकरणाची ताकद मात्र त्या पायरीपायरीनं चढणाऱ्या वासात आहे, आणि ती तसूभरही कमी होत नाही.

इथे थांबायचं. एस्थर आंधळी, क्रूक राख, आणि १८५२ च्या वाचकाला जानेवारीपर्यंत दोन्हींचं उत्तर नाही. त्यातही प्रकरण ३३ आणि ३४ पार केल्यावरच प्रकरण ३५ मध्ये एस्थर पुन्हा बोलते. सलग वाचलं तर हा ताण तासाभरात विरतो. किमान तीन दिवस मध्ये जाऊ द्या. आणि प्रकरण ३३ साठी कार्डं तयार ठेवा: म्हातारी स्मॉलवीड ही क्रूकची सख्खी बहीण निघते, आणि म्हातारा दुकानातल्या कागदांच्या ढिगाचा ताबा घेतो. माउंट प्लेझंटचं कार्ड क्रूकच्या कार्डाला तिथे कायमचं जोडलं.

साधनांबद्दल थोडं. कोणतीही आवृत्ती घ्या, पण अंकांच्या सीमा पेन्सिलीनं आखून घ्या. मागणीनुसार छापलेल्या एका स्वस्त प्रतीत प्रकरणांची शीर्षकंच गाळलेली निघाली आणि अक्षर इतकं बारीक की दहा पानांत डोळे शिणतात. तसली प्रत टाळा. प्रोजेक्ट गुटेनबर्गचा फुकट मजकूर नाव शोधायला उत्तम: एखादा माणूस आधी कुठे भेटला होता ते क्षणात सापडतं. फक्त शोधाचे निकाल चालू प्रकरणाच्या पुढचे पाहू नका. अभ्यासकी आवृत्तीतल्या शेवटच्या टिपाही पहिल्या वाचनात जपून, काही टिपा पुढचं कथानक सांगून टाकतात. फिझच्या चित्रांपैकी दहा ‘डार्क प्लेट’ आहेत. यंत्रानं बारीक समांतर रेघा ओढून आधीच काळोख तयार केलेल्या पत्र्यावर ती कोरलेली आहेत. हलक्या स्कॅनमध्ये त्यांचा नुसता काळा डाग होतो, तेव्हा मोठ्या आकाराचं स्कॅन शोधा. ध्वनिपुस्तक स्मॉलवीड आणि उपदेशक चॅडबँडच्या संवादांना फार चांगलं, त्रयस्थ कथनाच्या लांब परिच्छेदांना मात्र छापील पानच हवं.

पुढचा बेत जॉर्ज एलियटच्या मिडलमार्चचा होता, डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ मध्ये आठ खंडांत आली तशीच, आठ टप्प्यांत. पण कार्डं मांडून पाहताना वाटतंय की तिथे पत्त्यांची पद्धत चालणार नाही. तिथली माणसं मृत्युपत्रांनी आणि सोयरिकींनी बांधलेली आहेत, तेव्हा कार्ड करायचं ते प्रत्येक मृत्युपत्राचं. ते जुळवायला वेळ लागेल. त्याआधी मध्ये ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ घ्यावी असं आत्ता लिहिता लिहिता सुचतंय. तीही करमणूक साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आलेली, आणि तिथेही पुरुष लेखक एका मुलीच्या तोंडून, प्रथमपुरुषात सगळं सांगतो. एस्थरची ३३ प्रकरणं ताजी असतानाच यमूचं निवेदन शेजारी ठेवून वाचलं तर दोघी काय सांगतात आणि काय सांगायचं टाळतात, हे तपासता येईल. ब्लीक हाउस संपलं की आधी हीच घेऊ.

तोवर उरलेल्या सीमा आखून ठेवा: भाग १२ प्रकरणं ३६ ते ३८, भाग १३ ३९ ते ४२, भाग १४ ४३ ते ४६, भाग १५ ४७ ते ४९, भाग १६ ५० ते ५३, भाग १७ ५४ ते ५६, भाग १८ ५७ ते ५९, आणि जोडअंक ६० ते ६७. भाग १२ सगळा एस्थरचा आहे, भाग १३ मध्ये ती अजिबात नाही, म्हणून या दोन भागांत जास्त दिवस जाऊ देऊ नका. प्रकरण ३६ उघडण्याआधी चेस्नी वोल्डचं कार्ड वर काढून पुन्हा एकदा वाचा, दोन्ही बाजूंनी.